माइस आणि रॅटच्या टिश्यूंची हिस्टॉलॉजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधशास्त्र, विषशास्त्र, मधुमेह, कर्करोग अशा विषयांत प्राण्यांवर काम करणाऱ्या एम.फार्म., एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना हिस्टॉलॉजीबद्दल, म्हणजे टिश्यूचे पातळ काप (सेक्शन) रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहण्याबद्दल, पडणारे हे प्रश्न आहेत. उत्तरं मुख्यतः पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला टिश्यू) आणि एच अँड ई स्टेन (हिमॅटॉक्सिलीन आणि इओसिन या दोन रंगांचा नेहमीचा स्टेन) धरून दिली आहेत. स्लाइड चांगली येणार की नाही, हे बरंचसं प्राणी मेल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत ठरतं. तिथे गेलेलं पुढे कुठलाही स्टेन, कुठलाही महागडा मायक्रोस्कोप परत आणत नाही. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

सॅक्रिफाइसच्या (प्राणी मारून अवयव काढण्याच्या) दिवसाआधी काय काय तयार हवं?

कागदपत्रांपासून सुरुवात करा. कोणते अवयव काढणार आणि प्राणी कोणत्या पद्धतीने मारणार, हे आयएईसीने (संस्थेच्या प्राणी-नीतिशास्त्र समितीने) मंजूर केलेल्या फॉर्म बीमध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगी-अर्जात) लिहिलेलं असलं पाहिजे. ऐनवेळी पद्धत बदलली तर ते मंजुरीबाहेरचं काम ठरतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सीपीसीएसईए या केंद्रीय समितीचं नाव आता सीसीएसईए झालं आहे, पण नियमांचा गाभा तोच आहे.

मारण्याची पद्धत टिश्यूवर ठसा सोडते, हेही आधीच लक्षात घ्या. कार्बन डायऑक्साइडने मारलेल्या प्राण्याच्या फुप्फुसात रक्तस्राव आणि रक्तसंचय दिसू शकतो. मान मोडून मारलं तर मानेत, थायमसभोवती आणि छातीत रक्त उतरतं. पोटात बार्बिच्युरेटचा मोठा डोस दिला तर आतड्याच्या बाहेरच्या आवरणाला आणि प्लीहेच्या कडेला इजा होते. तुमचा अभ्यास फुप्फुसाचा असेल तर पहिली पद्धत टाळा. आणि पद्धत कोणतीही घ्या, ती सगळ्या गटांना एकच असू द्या.

फॉर्मॅलिनच्या डब्या आदल्या दिवशीच भरून, लेबल लावून ठेवा. कॅसेटवर (टिश्यूचा तुकडा ठेवायच्या छोट्या जाळीदार डबीवर) आणि लेबलवर पेन्सिलनेच लिहा. साध्या मार्करची आणि बॉलपेनची शाई अल्कोहोल आणि झायलीनमध्ये धुऊन जाते, आणि मग कोणता ब्लॉक कोणत्या प्राण्याचा हे कुणालाच सांगता येत नाही. लेबल झाकणावर न लावता डबीवर लावा. झाकणांची अदलाबदल होते.

सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे ट्रीटेड, असा क्रम कधीच लावू नका. लिव्हरमधलं ग्लायकोजेन दिवसभरात बदलत असतं आणि दुपारपर्यंत काम करणाऱ्याचे हातही थकलेले असतात. दिसणारा फरक औषधाचा की वेळेचा, हे मग कळत नाही. गटांतले प्राणी आलटून पालटून घ्या.

कोणता अवयव आधी काढायचा?

जो लवकर सडतो तो. स्वादुपिंड, आतड्याचं आतलं अस्तर, ॲड्रेनल आणि किडनीच्या नलिका यांच्यात ऑटोलिसिस (पेशी आपल्याच एन्झाइमनी विरघळणं) फार लवकर सुरू होतो. त्वचा, स्नायू, हाड त्या मानाने टिकतात. आतडं दहा-पंधरा मिनिटं तसंच पडून राहिलं तरी विलायचं (अस्तरावरच्या बोटासारख्या उंचवट्यांचं) टोक सुटायला लागतं, आणि नंतर ते ‘औषधामुळे झालेलं नेक्रोसिस’ (पेशींचा मृत्यू) म्हणून प्रबंधात छापलं जातं.

अवयव चिमट्याने मधोमध धरायचा नाही, भोवतालची चरबी किंवा बंधनं धरून उचलायचा. चिमट्याचा दाब पडला की तिथल्या पेशी चिरडतात आणि केंद्रकं गडद रेषांसारखी ओढली जातात. टिश्यू टीपकागदावर कोरडा होऊ देऊ नका. रक्त धुवायचं असेल तर सलाइनमध्ये एकदा बुडवून काढा. नळाच्या पाण्यात धुतल्यास पेशी फुगून फुटतात.

न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन कसं बनवायचं?

एक लिटरसाठी: बाजारात मिळणारं 37 ते 40 टक्क्यांचं फॉर्मॅल्डिहाइड 100 मिली, डिस्टिल्ड वॉटर 900 मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट 4 ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 6.5 ग्रॅम. क्षार आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग फॉर्मॅल्डिहाइड घाला. पीएच 6.8 ते 7.2 च्या दरम्यान यायला हवा. पाकिटावरचं पाण्याच्या रेणूंचं प्रमाण पाहा. डायहायड्रेट किंवा डोडेकाहायड्रेट क्षार हाताशी असेल तर वजन बदलावं लागतं.

यालाच ‘10 टक्के फॉर्मॅलिन’ म्हणतात. त्यात प्रत्यक्ष फॉर्मॅल्डिहाइड सुमारे 4 टक्केच असतं. पुष्कळांचा इथे गोंधळ होतो आणि बाटलीतलं द्रावण दोनदा पातळ केलं जातं.

बफर न घालता नुसतं पाणी घातलं तर फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि रक्त जास्त असलेल्या जागी, म्हणजे प्लीहा, लिव्हर, फुप्फुसात, तपकिरी-काळे बारीक कण बसतात. हे फॉर्मॅलिन पिगमेंट. ते लोह किंवा मलेरियाच्या रंगद्रव्यासारखं दिसू शकतं. आलंच तर सेक्शनवरचं मेण काढल्यावर पिक्रिक ॲसिडच्या संतृप्त अल्कोहोलिक द्रावणात ठेवून काढता येतं.

किती फॉर्मॅलिन, किती वेळ?

टिश्यूच्या घनफळाच्या किमान 10 पट, जमलं तर 20 पट. रॅटचं अख्खं लिव्हर 50 मिलीच्या डबीत कोंबलं तर बाहेरची कड फिक्स होते (आहे तशी टिकते) आणि मधला भाग सडतो. तुकड्याची जाडी 3 ते 5 मिमीच्या वर जाऊ देऊ नका. माउसची किडनी अर्धी चिरूनच टाका. रॅटच्या किडनीचे काप करा.

फॉर्मॅलिन ताशी साधारण 1 मिमी आत शिरतं, आणि खोल जाताना तो वेग आणखी मंदावतो. पण शिरणं वेगळं आणि फिक्स होणं वेगळं. प्रथिनांमध्ये क्रॉस-लिंक तयार व्हायला 24 ते 48 तास लागतात. खोलीच्या तापमानालाच ठेवा. त्यानंतर लगेच प्रोसेसिंग (टिश्यूतलं पाणी काढून मेण भरणं) होणार नसेल तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. आयएचसी (अँटिबॉडीने ठरावीक प्रथिन रंगवणं) करायची असेल तर महिनोन्महिने फॉर्मॅलिनमध्ये ठेवणं महागात पडतं, कारण पुष्कळ अँटिजेन झाकले जातात.

टिश्यू फ्रीझरमध्ये ठेवून नंतर फॉर्मॅलिनमध्ये टाकणं, ही सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय आहे. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, आणि स्लाइडवर छिद्रंच छिद्रं दिसतात.

कोणत्या अवयवांना फॉर्मॅलिनमध्ये नुसतं टाकून चालत नाही?

फुप्फुस: नुसतं टाकलं तर तरंगतं आणि वायुकोश मिटलेले राहतात. मिटलेलं फुप्फुस पाहून अल्व्हिओलर भिंत जाड झाली आहे की नाही, हे सांगता येत नाही. श्वासनलिकेत कॅन्युला (बारीक नळी) घालून 20 ते 25 सेमी पाण्याच्या दाबाने फॉर्मॅलिन सोडा. म्हणजे फॉर्मॅलिनची बाटली प्राण्याच्या वर तेवढ्या उंचीवर टांगा. माउसला साधारण 1 मिली पुरतं. सिरिंजने जोर लावला तर वायुकोश फुटतात आणि एम्फिसीमा झाल्यासारखं दिसतं. फुगवून झाल्यावर श्वासनलिका दोऱ्याने बांधून अख्खं फुप्फुस फॉर्मॅलिनमध्ये बुडवा.

आतडं: थंड सलाइनने आणि लगेच फॉर्मॅलिनने आतून धुवा. मोठ्या आतड्याची कोलायटिससारखी इजा ठिकठिकाणी असते, म्हणून लांबीत उघडून, अस्तर आतल्या बाजूला ठेवून काडीभोवती गुंडाळा. या स्विस रोलमुळे अख्खी लांबी एकाच स्लाइडवर येते. गुदद्वाराकडचं टोक नेहमी मध्यभागी ठेवायचं असं एकदा ठरवून टाका, म्हणजे जागा ओळखता येते.

वृषण: फॉर्मॅलिनमध्ये नलिका आकसतात आणि जर्म पेशींचे थर एकमेकांपासून सुटतात. मॉडिफाइड डेव्हिडसन द्रावण वापरा: 37 ते 40 टक्के फॉर्मॅल्डिहाइड 30 मिली, इथेनॉल 15 मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 5 मिली, डिस्टिल्ड वॉटर 50 मिली. 24 तासांनी फॉर्मॅलिनमध्ये हलवा. ताजं वृषण चिरू नका. नलिका चिरेतून बाहेर उसळतात. आधी अख्खं फिक्स करा, मग धारदार ब्लेडने कापा. बोइनचं द्रावणही चांगलं आहे, पण त्यात पिक्रिक ॲसिड असतं, जे कोरडं पडल्यास स्फोटक आहे. बाटलीच्या तोंडाशी पिवळे कोरडे स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका. बोइनमधून काढलेला टिश्यू पिवळा रंग उतरेपर्यंत 70 टक्के अल्कोहोलमध्ये धुवावा लागतो.

डोळा: इथेही डेव्हिडसन. नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये रेटिना सुटून येतो.

मेंदू: ताजा मेंदू हाताळला, दाबला, ओढला की न्यूरॉन गडद, आकसलेले आणि वळणदार दिसतात. या ‘डार्क न्यूरॉन’ना मेलेले न्यूरॉन समजून मोजलं गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. उपाय म्हणजे हृदयातून परफ्युजन (रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडणं). खोल भुलीत असलेल्या प्राण्याच्या डाव्या व्हेंट्रिकलमध्ये सुई, उजव्या ॲट्रियमला छेद, आधी सलाइन, मग 4 टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइड. माउसला दोन्ही साधारण 20 ते 30 मिली. लिव्हर पांढुरकं झालं आणि शेपूट ताठरली की परफ्युजन नीट झालं. नाकातून द्रावण यायला लागलं तर दाब जास्त आहे किंवा सुई उजव्या बाजूला शिरली आहे. ताबडतोब सुई मागे घ्या. परफ्युजननंतरही कवटी लगेच फोडण्याची घाई नको.

हाड: आधी नीट फिक्सेशन, मग डीकॅल्सिफिकेशन, म्हणजे हाडातलं कॅल्शियम काढणं. 14 टक्के ईडीटीए, पीएच 7.2 ते 7.4, घनफळाच्या 20 पट, दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. माउसच्या फीमरला साधारण दोन आठवडे. फॉर्मिक ॲसिडने काम दिवसांत होतं, पण केंद्रकांचा निळा रंग फिका येतो आणि आयएचसी बिघडते. झालं की नाही पाहायला सुई टोचू नका. ते भोक सेक्शनमध्ये दिसतं. एक्स-रे मिळाला तर उत्तम.

माणसांच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये प्रोसेसिंग करून घेतलं तर चालेल का?

चालेल, पण वेळापत्रक बदलून घ्या. तिथलं रात्रभराचं चक्र माणसाच्या मोठ्या, चरबीयुक्त तुकड्यांसाठी बेतलेलं असतं. माउसचा लहान तुकडा त्यात गेला की गरजेपेक्षा जास्त पाणी निघून जातं, टिश्यू ठिसूळ होतो आणि सेक्शनवर बारीक समांतर तडे येतात. लिव्हर, प्लीहा आणि लिम्फ नोडवर हे आधी दिसतं.

माउससाठी हे वेळापत्रक धरा: 70 आणि 80 टक्के अल्कोहोल प्रत्येकी 30 मिनिटं, 95 टक्के दोनदा 30 मिनिटं, ॲब्सोल्यूट (पाणी नसलेलं) अल्कोहोल तीनदा 30 मिनिटं, झायलीन दोनदा 30 मिनिटं, आणि 58 ते 60 अंशांचं पॅराफिन तीनदा 30 ते 45 मिनिटं. रॅटच्या तुकड्यांना प्रत्येक टप्पा 45 मिनिटं ते तासभर. पॅराफिन 60 च्या फार वर गेलं तर टिश्यू करपल्यासारखा कडक होतो. वीज जाण्याची शक्यता असेल तर प्रोसेसर यूपीएसवर हवाच. हवेत अडकून पडलेली बास्केट सकाळी कोरडी ठणठणीत सापडते, आणि तो टिश्यू पूर्वपदाला आणता येत नाही.

पावसाळ्यात ॲब्सोल्यूट अल्कोहोल हवेतलं पाणी शोषतं. बाटलीच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेटचा थर आणि वर फिल्टर पेपर ठेवला तर पाणी शिरल्यावर पांढरी पूड निळी होते. अल्कोहोल बदलायची वेळ झाल्याची ही स्वस्तातली खूण आहे.

एम्बेडिंग करताना (टिश्यू साच्यातल्या मेणात बसवताना) तुकडा कसा ठेवायचा?

स्लाइडवर जे दिसायला हवं ते साच्याच्या तळाशी. आतड्याचे आडवे काप उभे ठेवा, म्हणजे पूर्ण गोल मिळेल. त्वचा कडेवर उभी ठेवा. आडवी पडली तर एपिडर्मिसची जाडी मोजण्याला अर्थ उरत नाही. एक किडनी उभी, पॅपिलातून गेलेल्या छेदाची, आणि दुसरी आडवी असं ठेवलं तर डावी-उजवी ओळखणंही सोपं जातं. तिरपा कापलेला विलाय आखूड दिसतो, म्हणून विलायची उंची फक्त सरळ कापलेल्यांचीच मोजा.

सेक्शन कापताना काय काय बिघडतं?

नेहमीची जाडी 4 ते 5 मायक्रॉन. किडनीत ग्लोमेरुलस नीट पाहायचा असेल तर 2 ते 3. वॉटर बाथ 40 ते 45 अंश.

रिबनच (एकमेकांना जोडलेल्या सेक्शनची पट्टी) येत नाही, सेक्शन सुटे सुटे गुंडाळतात: ब्लॉक फार थंड आहे, किंवा ब्लेड बोथट आहे, किंवा ब्लेडचा कोन फार जास्त आहे. क्लिअरन्स अँगल (ब्लेड आणि ब्लॉकच्या पृष्ठभागातला कोन) 5 अंशांच्या आसपास ठेवून एकेक अंशाने बदलून पाहा.

एक सेक्शन जाड, एक पातळ: काहीतरी ढिलं आहे. ब्लॉकचा क्लॅम्प, ब्लेडचा क्लॅम्प, कॅसेटच्या कडेला चिकटलेलं मेण, या क्रमाने तपासा.

खिडकीच्या झडपांसारख्या आडव्या जाड-पातळ पट्ट्या: यालाच चॅटर म्हणतात. कडक टिश्यू, जोरात फिरवलेलं चाक किंवा ढिलं ब्लेड. ब्लॉकचा कापलेला पृष्ठभाग ओल्या बर्फावर पाच-दहा मिनिटं ठेवा; थोडं पाणी आत मुरतं आणि पुढचे काही सेक्शन मऊ येतात. मग हळू, एकसारख्या वेगाने कापा.

उभ्या सरळ रेघा: ब्लेडला खाच पडली आहे किंवा टिश्यूत काहीतरी कडक आहे. ब्लेड सरकवा. रेघ तिथेच राहिली तर कारण ब्लॉकमध्ये आहे. त्वचेतला केस, आतड्यातलं खाद्य, पूर्ण न निघालेलं कॅल्शियम ही नेहमीची कारणं. आतडं आणि त्वचेच्या अभ्यासात म्हणूनच धुणं आणि केस काढणं टाळता येत नाही.

सेक्शन दाबून आखूड होतो: मेण मऊ पडलं आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत एसी नसलेल्या खोलीत हे रोजचं दुखणं असतं. सकाळी लवकर कापा, ब्लॉक सतत बर्फावर ठेवा, आणि जमलं तर जरा जास्त वितळणबिंदूचं मेण घ्या.

वॉटर बाथमध्ये सेक्शन फुटून पसरतो: पाणी जास्त गरम आहे. सुरकुत्या राहतात: पाणी थंड आहे. दुसऱ्या ब्लॉकचे तरंगणारे तुकडे स्लाइडवर येऊ नयेत म्हणून प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग टिश्यू पेपरने पुसून घ्या. कंट्रोलच्या स्लाइडवर ट्यूमरचा तुकडा चिकटला तर तो खुलासा देणं फार कठीण जातं.

एच अँड ईची पक्की कृती सांगा.

स्लाइड 60 अंशांवर अर्धा ते एक तास. झायलीन दोनदा 5 मिनिटं. ॲब्सोल्यूट दोनदा, 95, 70 टक्के अल्कोहोल प्रत्येकी 2 मिनिटं, मग पाणी. हॅरिस हिमॅटॉक्सिलीन 5 ते 8 मिनिटं. पाण्यात धुवा. ॲसिड अल्कोहोल, म्हणजे 70 टक्के अल्कोहोलमध्ये 1 टक्का हायड्रोक्लोरिक ॲसिड, यात फक्त दोन-तीन वेळा बुडवून काढा. लगेच पाण्यात. निळं करायला वाहत्या नळाखाली 5 ते 10 मिनिटं. मग 1 टक्का इओसिन 1 ते 2 मिनिटं, 95 टक्क्यांत झटपट, ॲब्सोल्यूट दोनदा, झायलीन दोनदा, डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवणारं द्रावण) आणि कव्हरस्लिप.

हॅरिसच्या पृष्ठभागावर चमकदार तवंग येतो. रोज वापरण्याआधी गाळा, नाहीतर निळे-जांभळे कण सगळ्या स्लाइडवर बसतात. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर केंद्रकं पटकन निळी होतात. तुमच्या नळाच्या पाण्याने ती जांभळट-लालच राहत असतील तर एक लिटर पाण्यात 3.5 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि 20 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून स्कॉटचं द्रावण करा. एक मिनिटात काम होतं.

स्टेन बरोबर आला हे कसं ओळखायचं?

40च्या ऑब्जेक्टिव्हखाली एका धमनीवर जा. तांबड्या पेशी ठसठशीत लाल-गुलाबी, भिंतीतला स्नायू त्याहून मंद, आणि भोवतालचं कोलॅजेन सर्वांत फिकं गुलाबी, असे तीन वेगळे गुलाबी दिसले तर इओसिन बरोबर आहे. सगळं एकाच रंगात रंगलं असेल तर इओसिन जास्त झालं किंवा अल्कोहोलमध्ये पुरेसं उतरलं नाही. गुलाबी येतच नसेल तर इओसिनमध्ये पाणी वाहून येऊन पीएच वाढला आहे. 100 मिलीला 0.5 मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घातल्याने फरक पडतो. केंद्रकांत क्रोमॅटिनचे कण आणि केंद्रकाची कड स्पष्ट दिसायला हवी. केंद्रकं धुरकट, विरघळल्यासारखी दिसत असतील तर दोष बहुधा स्टेनमध्ये नसून फिक्सेशनमध्ये किंवा प्रोसेसिंगमध्ये आहे. स्टेन पुन्हा करून सुधारणार नाही.

केंद्रकांवर काळे-तपकिरी चकाकते ठिपके दिसले तर माउंटिंग करताना झायलीन सुकून हवा अडकली आहे. कव्हरस्लिप काढून, झायलीनमध्ये नेऊन पुन्हा माउंट करा. झायलीन दुधाळ झालं तर अल्कोहोलमध्ये पाणी आहे.

माइस-रॅटमध्ये नॉर्मल असूनही आजार वाटतं, असं काय काय असतं?

या प्रश्नावर जितका वेळ घालवाल तितका थोडा. माणसाच्या हिस्टॉलॉजीच्या पुस्तकावरून रोडंटची स्लाइड वाचली की चुका ठरलेल्या.

माउसच्या प्लीहेत मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी) आणि रक्तपेशी बनवणारी केंद्रं आयुष्यभर असतात. लिव्हरमध्ये दोन केंद्रकांच्या आणि मोठ्या पॉलिप्लॉइड केंद्रकांच्या पेशी नेहमीच्या आहेत. त्या पाहून ‘डिस्प्लेझिया’ (पेशींची विकृत वाढ) लिहू नका. खाऊन-पिऊन असलेल्या प्राण्याच्या लिव्हर पेशी ग्लायकोजेनमुळे जाळीदार, फिकट दिसतात. ग्लायकोजेनच्या जागेची कड पुसट आणि वेडीवाकडी असते. चरबीचा थेंब गोल, रिकामा आणि स्पष्ट कडेचा असतो. शंका असेल तर पीएएस (ग्लायकोजेन रंगवणारा स्टेन), डायस्टेज या ग्लायकोजेन विरघळवणाऱ्या एन्झाइमसह आणि त्याच्याशिवाय.

नर माउसच्या किडनीत बोमन कॅप्सूलची बाहेरची भिंत घनाकृती पेशींची असते. नर माउसची सबमँडिब्युलर ग्रंथी मादीपेक्षा खूप वेगळी दिसते. माउस आणि रॅट दोघांच्याही जठराचा पुढचा भाग केराटिनयुक्त स्क्वेमस अस्तराचा असतो, तो मेटाप्लेझिया (एका अस्तराची जागा दुसऱ्या प्रकारच्या अस्तराने घेणं) नव्हे. रॅटला पित्ताशय नसतं, माउसला असतं. माउसच्या फुप्फुसातल्या शिरांच्या भिंतीत हृदयस्नायू दिसतो. मादीचं गर्भाशय चार-पाच दिवसांच्या चक्रात इतकं बदलतं की सॅक्रिफाइसच्या दिवशी योनीचा स्मिअर घेतल्याशिवाय गटांची तुलना करता येत नाही.

स्ट्रेनही पाहा. एफव्हीबी आणि सी3एच/एचईजे माइसमध्ये आरडी1 म्युटेशनमुळे रेटिनातल्या फोटोरिसेप्टरचा थर लहानपणीच नाहीसा होतो. सी57बीएल/6एनमध्ये रेटिना बिघडवणारं आरडी8 म्युटेशन आहे. वयस्क नर रॅटमध्ये, विशेषतः स्प्रेग-डॉली आणि फिशर 344मध्ये, किडनीचा जुनाट आजार आपोआप होतो. त्याच वयाचा, त्याच लिंगाचा, त्याच पुरवठादाराचा कंट्रोल नसेल तर औषधाच्या विषारीपणाबद्दल काहीच बोलता येत नाही.

कोणत्या कामाला कोणता स्पेशल स्टेन?

फायब्रोसिसला मॅसन ट्रायक्रोम किंवा पिक्रोसिरियस रेड. मोजणी करायची असेल तर दुसरा घ्या; 0.1 टक्का सिरियस रेड संतृप्त पिक्रिक ॲसिडमध्ये, तासभर, मग ॲसिटिक ॲसिडच्या पाण्यात धुणं. ट्रायक्रोमचा निळा रंग बॅचगणिक बदलतो. लोहाला पर्ल्स, म्यूसिनला पीएच 2.5 चा अल्शियन ब्लू, मास्ट पेशींना टोल्युइडिन ब्लू. चरबीसाठी ऑइल रेड ओ, पण तो पॅराफिनवर होत नाही. झायलीन-अल्कोहोलमध्ये चरबी विरघळून गेलेली असते.

माउसच्या टिश्यूवर आयएचसी केली की सगळीकडे तपकिरी येतं. का?

बहुधा प्रायमरी अँटिबॉडी माउसमध्ये बनवलेली आहे. प्रायमरीला शोधणारी सेकंडरी अँटिबॉडी माउसच्या आयजीजीला (रक्तातल्या नेहमीच्या अँटिबॉडीला) चिकटते, आणि टिश्यूत प्राण्याचं स्वतःचं आयजीजी भरपूर असतं. सोपा मार्ग म्हणजे रॅबिटमध्ये बनवलेली प्रायमरी घेणं. ती मिळतच नसेल तर माउस-ऑन-माउस ब्लॉकिंग किट.

लिव्हर आणि किडनीत नैसर्गिक बायोटिन जास्त असल्याने तिथे अव्हिडिन-बायोटिनऐवजी पॉलिमर डिटेक्शन बरं. पेरॉक्सिडेज ब्लॉकसाठी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 10 मिनिटं. अँटिजेन रिट्रीव्हलला (झाकलेले अँटिजेन उघडे करायला) सिट्रेट बफर: ट्रायसोडियम सिट्रेट डायहायड्रेट 2.94 ग्रॅम एक लिटरमध्ये, पीएच 6.0, ट्वीन-20 0.5 मिली; 95 ते 98 अंशांवर 20 मिनिटं आणि त्याच द्रावणात 20 मिनिटं निववणं. स्लाइड चार्ज्डच (सेक्शन धरून ठेवणारा विद्युतभार असलेल्या) घ्या, नाहीतर सेक्शन उकळत्या बफरमध्ये सुटून येतात. प्रायमरी वगळलेला आणि अँटिजेन नक्की असलेल्या टिश्यूचा, असे दोन्ही कंट्रोल प्रत्येक बॅचला हवेत.

फ्रोझन सेक्शनमध्ये छिद्रं का पडतात?

टिश्यू सावकाश गोठला म्हणून. उणे 80 च्या फ्रीझरमध्ये किंवा थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये स्नायू टाकला तर छिद्रं हमखास. नायट्रोजनमध्ये टिश्यूभोवती वायूचं आवरण तयार होतं आणि उष्णता पटकन निघत नाही. धातूच्या पेल्यात आयसोपेंटेन घेऊन तो पेला लिक्विड नायट्रोजनमध्ये धरा. तळाशी पांढरा घन थर दिसायला लागला की तापमान योग्य झालं. त्यात टिश्यू 15 ते 20 सेकंद. फिक्स केलेला मेंदू असेल तर आधी 30 टक्के सुक्रोजमध्ये तळाशी बुडेपर्यंत ठेवा.

किती सेक्शन, किती फील्ड, आणि ‘एन’ किती?

‘एन’ म्हणजे प्राणी. सहा प्राण्यांची प्रत्येकी दहा फील्ड मोजली तर एन सहाच राहतो, साठ होत नाही. प्रत्येक प्राण्याची सरासरी काढा आणि गटांची तुलना त्या सरासऱ्यांवर करा. साठ आकडे थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकून मिळालेला पी-व्हॅल्यू खोटा असतो. ही चूक छापील शोधनिबंधांतही सर्रास दिसते आणि तिच्यापायी प्राणी वाया जातात.

फील्ड डोळ्यांना आवडलेली निवडायची नाहीत. डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करून ठरावीक अंतराने घ्या. स्लाइडचे गट झाकून कोड नंबर लावा, आणि कोड फोडणारी व्यक्ती स्कोअर देणारी नसावी. 0 ते 4 असा स्कोअर वापरत असाल तर प्रत्येक आकड्याची व्याख्या आधी लिहून काढा, नमुन्याच्या फोटोसह. असे स्कोअर क्रमवार असतात. त्यांना टी-टेस्ट नको, मॅन-व्हिटनी किंवा क्रुस्कल-वॉलिस वापरा. क्षेत्रफळ आणि पेशी मोजायला इमेजजे आणि क्यूपाथ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

फोटोखाली ‘400x’ लिहिलं तर पुरे ना?

नाही. फोटो लहान-मोठा छापला की तो आकडा निरर्थक होतो. स्केल बार टाका. स्टेज मायक्रोमीटरवर 1 मिमीचे 100 भाग असतात, म्हणजे प्रत्येक 10 मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला, त्याच कॅमेरा सेटिंगवर, एकदा मोजून ठेवा. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर सगळ्या गटांना एकच. फोटो त्या गटाच्या सरासरीजवळच्या प्राण्याचा द्या, सर्वांत ठळक दिसणाऱ्याचा नको.

फॉर्मॅलिन, झायलीन आणि उरलेला टिश्यू कुठे टाकायचा?

सिंकमध्ये काहीही नाही. जैव-वैद्यकीय कचरा नियम 2016 नुसार प्राण्यांचे अवयव आणि टाकाऊ फॉर्मॅलिन पिवळ्या वर्गात, मायक्रोटोमची (सेक्शन कापायच्या यंत्राची) ब्लेड पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात, काचेच्या स्लाइड निळ्या वर्गात. वापरलेलं झायलीन आणि अल्कोहोल वेगवेगळ्या बाटल्यांत साठवून संस्थेच्या रासायनिक कचऱ्यात द्या. फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोगकारक म्हणून आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या) पहिल्या गटात आहे. ग्रॉसिंग (अवयव पाहून तुकडे करणं) फ्यूम हूडमध्ये, नायट्राइल हातमोजे घालून. सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही.

ब्लॉक आणि स्लाइड किती दिवस ठेवायच्या?

प्रबंध आणि शोधनिबंध छापून झाल्यावरही ठेवा. परीक्षकाने नवा स्टेन मागितला तर ब्लॉकमधून पुन्हा सेक्शन काढता येतात, नवा प्राणी मारावा लागत नाही. कापून झालेल्या ब्लॉकच्या उघड्या बाजूवर वितळलेल्या मेणाचा पातळ थर द्या आणि थंड, कोरड्या जागी, मुंग्या-झुरळं पोचणार नाहीत अशा बंद डब्यात ठेवा. कापून ठेवलेल्या, स्टेन न केलेल्या सेक्शनचं तसं नाही: काही अँटिजेन काही आठवड्यांतच कमजोर पडतात, म्हणून आयएचसीसाठी ताजेच कापा. एच अँड ईच्या स्लाइड उन्हात ठेवल्या तर इओसिन उडून जातं. डीपीएक्स पूर्ण सुकेपर्यंत त्या आडव्याच ठेवा, मग पेटीत उभ्या लावा.